नळाचा दिवस

सिडकोतलं घर शोधायला वडाचं झाड, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ अशा खुणा लागत नाहीत. आकडे लागतात. एन-५, एन-७, एन-९ असे विभाग, विभागात ओळी, ओळीत घराचा क्रमांक. १९७२मध्ये राज्य सरकारने सिडकोकडे नवं औरंगाबाद वसवण्याचं काम सोपवलं आणि मुकुंदवाडी, चिकलठाण्याकडच्या शेतजमिनींवर रेघा ओढल्या गेल्या. कामगारांची लहान घरं एका बाजूला, अधिकाऱ्यांची थोडी मोठी दुसऱ्या बाजूला, मधे बाग, शाळा, बाजार. गुलमंडी, औरंगपुऱ्यात राहणारी माणसं या भागाला ‘तिकडं सिडकोत’ म्हणायची. रात्री नऊनंतर रिक्षावाले इकडे यायला नको म्हणायचे. आज जालना रोडवर सिडको बसस्थानकाच्या चौकात उभं राहिलं, की शहराचा मध्य इथेच असावा असं वाटतं, आणि रिक्षा रात्री बारालाही मिळते.

आम्ही १९८६मध्ये त्या घरात आलो. वडील अंबाजोगाईचे. त्याआधीच्या वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला होता आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत वडील टर्नर म्हणून लागले. पहाटे गल्लीच्या कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, तिच्यात डबे घेऊन पुरुष चढायचे आणि मग गल्ली बायकांची व्हायची. शेजारी परभणीचे, पलीकडे जळगावचे, समोर एक मल्याळी कुटुंब, टोकाला नांदेडचे मास्तर. त्या अख्ख्या गल्लीत मूळ औरंगाबादचं असं कुणीच नव्हतं. दिवाळीला सगळे आपापल्या गावी गेले की ओळीच्या ओळी कुलूपबंद असत.

हे आधीच सांगायला हवं, कारण गाव सोडून गेलेली माणसं परत येऊन ‘पूर्वीचं शहर राहिलं नाही’ म्हणतात तेव्हा ते पूर्वीचं म्हणजे नेमकं कोणतं, हा प्रश्न मला टाळता येत नाही. ज्या शहराच्या आठवणीने मी पुण्यात बसून कासावीस होते, ते त्या वेळचं सगळ्यांत नवं शहर होतं. गुलमंडीवरच्या कुटुंबांना आम्हीच बदल होतो. आमच्यामुळेच त्यांची शांत संध्याकाळ गेली, त्यांच्या भाजीचे भाव वाढले, त्यांच्या शाळांचे वर्ग भरून वाहू लागले. १९६१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८७ हजारांच्या आसपास होती. १९८१मध्ये ती २ लाख ८४ हजार झाली आणि १९९१मध्ये ५ लाख ७३ हजार. हद्दवाढ धरून दहा वर्षांत दुप्पट. त्या दुपटीत आमचं पाच जणांचं घर होतं.

त्यापुढची वाढही थांबली नाही. २००१मध्ये ८ लाख ७३ हजार, २०११मध्ये ११ लाख ७५ हजार. त्यानंतर जनगणना झालेली नाही. पण बीड बायपासच्या पलीकडे सातारा-देवळाईच्या डोंगरापर्यंत, हर्सूलकडे सावंगीपर्यंत, पश्चिमेला पडेगाव-मिटमिट्यापर्यंत इमारती गेल्या आहेत. जिथे आमची शाळेची सहल जायची तिथे आता पार्किंगसाठी भांडणं होतात.

२०२५च्या मे महिन्यात मी कामासाठी तिथे गेले. काम दुपारी संपलं आणि पाय आपोआप एन-७कडे वळले. घर विकून बराच काळ झाला होता; आई-वडील माझ्याकडे पुण्याला आले, तेव्हा विकलं.

घर ओळखू आलं ते केवळ क्रमांकामुळे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे-मागे मोकळी जागा असं ते बैठं घर आता तीन मजली आहे. पुढच्या अंगणात आईची जास्वंद आणि वडिलांची सायकल असायची, तिथे फरशी घालून एका बाजूला छोटं ब्युटी पार्लर काढलंय. वरच्या मजल्यावर भाडेकरू. गच्चीवर एक नव्हे, तीन काळ्या टाक्या. आणि अंगणाच्या फरशीत लोखंडी झाकण. त्याच्याखाली हौद.

हे एकट्या त्या घराचं नाही. गल्लीत डावीउजवीकडे पाहत गेले, तर प्रत्येक दारात असं झाकण होतं. सिडकोने घरं बांधली तेव्हा हौद नव्हते. वर एक सिमेंटची टाकी असायची आणि ती पुरायची, कारण नळ रोज यायचे. सकाळी ठराविक वेळी, तासभर. आम्ही त्या वेळेवर घड्याळ लावायचो म्हटलं तरी चालेल. आता प्रत्येक कुटुंबाने आपल्या खर्चाने, आपल्या अंगणाखाली, आपापलं एक छोटं धरण बांधलं आहे. सिडकोतली घरं उंच का झाली याची कारणं अनेक आहेत. मुलं मोठी झाली, भाडं मिळतं, जागा महागली. पण ती खोल का झाली याचं कारण एकच आहे.

घरातल्या ताई भोकरदनकडच्या. त्यांचे यजमान शेंद्र्याच्या औद्योगिक भागात नोकरीला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आत बोलावलं, पंखा लावला, पाण्याचा पेला पुढे केला आणि मी काही म्हणायच्या आत सांगितलं, “जारचं आहे, बिनधास्त प्या.” भिंतीवर कालनिर्णय होतं. एकादशी, चतुर्थीच्या खुणांशेजारी निळ्या पेनाने काढलेले गोल, आठ-नऊ दिवसांच्या अंतराने. मी विचारलं. “नळाचा दिवस,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी कुठं जायचं नाही. लग्न असलं तरी एक माणूस घरी.”

मग त्यांनी तो दिवस कसा जातो ते सांगितलं. लाइनमन वॉल्व्ह सोडतो. आधी गढूळ पाणी येतं, ते झाडांना आणि गाडी धुवायला. मग हौद. हौदातून मोटारीने वरच्या टाक्या. त्या भरता भरता कपडे, चादरी, पडदे, पायपुसणी सगळं काढायचं. पिण्याच्या हंड्यांत तुरटी फिरवायची. वीज गेली तर बादल्यांनी. आदल्या रात्री मोबाइलवर गल्लीच्या ग्रुपमध्ये निरोप येतो. कधी ‘उद्या पहाटे चार’, कधी ‘लाइन फुटली, दोन दिवस पुढे’. दोन दिवस पुढे गेलं की टँकर. हिशेब त्यांना तोंडपाठ होता: माणशी किती बादल्या, भाडेकरूंना किती, पार्लरमध्ये केस धुवायला किती. भाडेकरू ठेवतानाही त्या पहिल्यांदा हेच सांगतात, भाडं नंतर.

मी बातमीदारीत बरीच वर्षं घालवली आहेत. दुष्काळी गावांतल्या बायकांच्या पाण्याच्या खेपांवर लिहिलं आहे. पण हे गाव नाही. हे राज्यातल्या मोठ्या शहरांपैकी एक आहे, इथे उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, विद्यापीठ आहे, विमानतळ आहे, शेजारी वेरूळ आहे. आणि पैठणचं जायकवाडी धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५मध्ये त्याची पायाभरणी झाली, इंदिरा गांधींनी १९७६मध्ये उद्घाटन केलं. भरलं की १०२ टीएमसीहून अधिक पाणी साठवणारं हे धरण देशातल्या मोठ्या मातीच्या धरणांत मोजलं जातं. दुष्काळात ते आटतं हे खरं. २०१६च्या उन्हाळ्यात ते मृतसाठ्यावर गेलं होतं आणि खंडपीठाने इथल्या बिअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. पण ते काठोकाठ भरलेलं असतं तेव्हाही कालनिर्णयवरचे गोल जवळ येत नाहीत. अडचण धरणात नाही, धरण आणि अंगण यांच्या मधे आहे.

ही मधली कहाणी सांगताना चारशे वर्षं मागे जावं लागतं, कारण या शहराची घडणच पाण्याच्या कामातून झालेली आहे. खाम नदीकाठच्या खडकी गावी मलिक अंबरने १६१० साली शहर वसवलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांशी झुंजला आणि त्याने १६१७च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी भूमिगत नहरीत गोळा करायचं, खापराच्या नळांतून उताराने शहरात आणायचं आणि ठिकठिकाणच्या हौदांतून वाटायचं. वाटेत दाब सांभाळण्यासाठी उभे चिरेबंदी बंबे. कुठेही मोट नाही, पंप नाही. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी आणणारी नहर त्यातलीच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली ती जागा, तिथे उंचावरून पडणाऱ्या पाण्यावर दळण दळलं जाई आणि यात्रेकरूंना, फकिरांना भाकरी मिळे. आम्ही शाळेतून तिथे जायचो तेव्हा आमचं लक्ष हौदातल्या माशांकडे आणि त्या प्रचंड वडाकडे. पाणी कुठून येतं हे विचारावं असं आम्हाला कधी वाटलं नाही. तेव्हा पाणी येतच असे.

नहरी मोडल्या त्या एका दिवसात नाही. वर घरं झाली, पाया खोदताना खापराचे नळ फुटले, मैलापाणी मिसळलं, बंबे कुणाच्या तरी भिंतीत गेले. ज्यांचा नहरीवर जीव आहे असे अभ्यासक आणि इतिहासप्रेमी इथे आहेत, ते वर्षानुवर्षं सांगत आले की उरलेल्या नहरी साफ करा, वापरायच्या पाण्याला तरी कामी येतील. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं. बारा लाखांहून मोठ्या शहराची तहान नहरीने भागणार नाही, पण वाहती नहर जवळ असणाऱ्या मोहल्ल्यांना टँकरच्या दोन खेपा कमी लागतील, आणि तेवढ्यासाठीही ती जपायला हवी.

स्वातंत्र्यानंतर शहराला हर्सूलच्या तलावाचं पाणी मिळायला लागलं. मग जायकवाडी. १९७५च्या सुमारास ७०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी आली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला १४०० मिलिमीटरची. जायकवाडीतून उपसा, फारोळ्याला शुद्धीकरण, नक्षत्रवाडीच्या उंचीवर साठा आणि तिथून शहरात. दुसरी जलवाहिनी आली तेव्हा शहर सहा लाखांच्या आत होतं. त्यानंतर लोकसंख्या दुपटीच्या पुढे गेली आणि मुख्य वाहिन्या बराच काळ दोनच राहिल्या, त्याही जुन्या, फुटक्या. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग चार, मग आठ. इथे त्याला ‘गॅप’ म्हणतात. “तुमच्याकडं गॅप किती?” हे इथलं खुशाली विचारणं झालं आहे.

‘समांतर’ हा शब्द माझ्या पिढीने वर्षानुवर्षं ऐकला. जुन्या वाहिनीला समांतर अशी नवी जलवाहिनी टाकायची ती योजना. २०१४मध्ये शहराचा पाणीपुरवठाच एका खासगी कंपनीकडे सोपवला गेला आणि २०१६मध्ये तो करार महापालिकेने रद्द केला. पुढे नवी योजना आली. १६८० कोटी रुपयांच्या या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२०मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झालं. तिचा खर्च नंतर २७४० कोटींवर गेला. मुख्य जलवाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची, उभा माणूस आतून चालत जाईल एवढी. कामाची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि खंडपीठाला सुनावण्या घेऊन कामाचा पाठपुरावा करावा लागला. पैठण रस्त्याने गेलं की कडेला ते पोलादी पाइप दिसत. काहींच्या आत शेळ्या सावलीला बसलेल्या.

या पंधरा-वीस वर्षांत पाण्याने माणसांची मनंही तासली. मे २०१८मध्ये मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज भागात दंगल झाली, दुकानं जळाली, दोन जीव गेले. त्या आधी अनधिकृत नळजोडण्या तोडण्याच्या कारवाईवरून तिथलं वातावरण तापलेलं होतं. दंगलीची मुळं आणखी खोल असतात हे मान्य. पण ज्या गल्ल्यांत एका नळाच्या तुकड्यावरून एवढी आग पेटू शकते, तिथे पाणी रोज येत असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत नारेगावच्या कचरा डेपोला तिथल्या गावकऱ्यांनी वाट बंद केली आणि शहर महिनोन्महिने कचऱ्यात बसलं. त्यांचाही दोष नव्हता. अनेक वर्षं सगळ्या शहराचा कचरा त्यांच्या उशाला टाकला जात होता.

ताईंच्या घरून निघाले ती पैठण गेटकडे. शाळा संपल्यावर सरस्वती भुवन महाविद्यालयात मी सायकलने यायचे, सिडकोपासून औरंगपुऱ्यापर्यंत. जालना रोडवर तेव्हा उड्डाणपूल नव्हते. सेव्हन हिल्सचा चढ चढताना धाप लागायची आणि मोंढा नाक्याला धान्याच्या गाड्यांमधून वाट काढावी लागायची. आता त्या रस्त्यावर एकामागोमाग उड्डाणपूल आहेत. चौकांची नावं पुलांना मिळाली आणि चौक खाली अंधारात गेले. क्रांती चौक मात्र उजळला आहे. १८५७मध्ये इथल्या घोडदळाने बंड केलं, तेव्हा पकडलेल्या शिपायांना ज्या काळ्या चबुतऱ्यापाशी मारलं, ती ही जागा. नाव त्यावरूनच पडलं. फेब्रुवारी २०२२मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा नवा, उंच अश्वारूढ पुतळा बसला. संध्याकाळी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं फोटो काढत होती.

गुलमंडीवर इमरतीसाठी गर्दी तशीच होती. सुपारी हनुमान, रंगार गल्ली, मछली खडक, सिटी चौक, सराफा: हा पायी हिंडायचा रस्ता अजून माझ्या पायांना पाठ आहे. २०११-१२च्या रुंदीकरणात इथली जुनी घरं रस्त्याच्या बाजूने कापली गेली. अनेक माड्यांचे सज्जे गेले, कोरीव खांब गेले आणि मागे राहिलेल्या खोल्यांना नव्या सिमेंटचे चेहरे मिळाले. काही ठिकाणी कापलेल्या भिंतीवर आतल्या देवघराचा कोनाडा बाहेरून दिसतो. रस्ता रुंद झाला, पण रुंद झालेली जागा दुचाक्यांनी भरली. या घरांची नीट मोजणी, चित्रं, फोटो काढून ठेवल्यावर मग ती पाडली असती तर एवढं दुःख वाटलं नसतं. मी परतल्यावर महिनाभरातच, जून-जुलै २०२५मध्ये, महापालिकेने मुकुंदवाडीपासून जालना रोड, पैठण रोड, पडेगावच्या बाजूला मोठी पाडापाडी केली. मुकुंदवाडीच्या पट्ट्यात आमच्या ओळखीची दुकानं होती. रस्ते मोकळे व्हायला हवे होते, तेही खरं. पण इथली जमीन सिडकोसाठी देणाऱ्या गावकऱ्यांची पुढची पिढी त्या टपऱ्यांवर जगत होती, हेही त्याच पानावर लिहिलं पाहिजे.

दरवाजांचं मात्र बरं झालं. बावन्न दरवाजांचं शहर म्हणायची पद्धत आहे. उभे आहेत ते मोजकेच. मलिक अंबरने १६१२ साली मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा, औरंगजेबाच्या काळच्या तटबंदीतले दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकई दरवाजा. स्मार्ट सिटी योजनेतून त्यातल्या काहींची चुन्यात डागडुजी झाली, शहागंजचं घड्याळही दुरुस्त झालं. बेगमपुऱ्याकडे, विद्यापीठाकडे जाणाऱ्या गाड्या अजूनही पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजाच्या कमानीतून जातात. एका वेळी एक रिक्षा. समोरून आलेला थांबतो, हात करतो, आपण जातो. माझ्या लहानपणी याच कमानीत बसचे आरसे घासायचे.

आणि खाम. आमच्या लेखी ती नदी नव्हतीच, नाला होता. पुलावरून जाताना नाक दाबायचो. २०२१च्या आसपास महापालिका, छावणी परिषद, काही संस्था, उद्योग आणि स्वयंसेवक एकत्र आले आणि लोखंडी पुलाच्या बाजूने काठ साफ करायला लागले. कचरा उपसला, काठावर दगडी पायऱ्या आणि झाडं आली. नदी अजून स्वच्छ नाही, वरून येणारं मैलापाणी पूर्ण थांबलेलं नाही. पण त्या काठावर मी मुलांना खेळताना पाहिलं आणि मला फार आनंद झाला. ज्या नदीच्या काठी मलिक अंबरने शहर मांडलं तिच्याकडे शहराने पाठ फिरवली होती. ती पाठ आता थोडी वळली आहे.

नावाबद्दल न लिहिणं शक्य नाही. खडकीचं फतेहनगर झालं, फतेहनगरचं औरंगाबाद झालं. १९८८मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी इथल्या सभेत संभाजीनगर हे नाव जाहीर केलं. त्याच वर्षी महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक निवडणूक या नावाभोवती फिरली. २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्राची मान्यता आली. मी गेले तेव्हा रेल्वे स्टेशनवर जुनंच नाव होतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तेही छत्रपती संभाजीनगर झालं. या शहराने नावाची किंमत आधीही मोजलेली आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून इथली माणसं सतरा वर्षं झगडली, मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली आणि १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढून ज्या शहरात मराठवाड्याच्या मुलांना शिक्षणाचं दार उघडून दिलं, तिथे त्यांच्या नावासाठी एवढा काळ लागावा, ही मराठवाड्याच्या इतिहासातली दुखरी जागा आहे. नावाने स्वाभिमान मिळतो, हे त्या दिवशी विद्यापीठाच्या कमानीसमोर रडणारी म्हातारी माणसं पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

तरीही एक गोष्ट मला खुपते. १९८८पासून शहराच्या नावावर जेवढी भाषणं झाली त्यातला दहावा हिस्साही वेळ शहराच्या नळाला मिळाला नाही. आणि एप्रिल २०२०पासून जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासकाचा कारभार होता. जवळपास सहा वर्षं. ‘आमच्या गल्लीचा वॉल्व्ह कोण सोडत नाही’ हे सांगायला बाईने जायचं कुणाकडे? ताई रिक्षा करून जलकुंभावर गेल्या होत्या, बायकांना घेऊन. तिथल्या लाइनमनशी भांडून आल्या. तोही बिचारा काय करणार, त्या म्हणाल्या, वरून पाणीच कमी, आणि शिव्या खायला तो एकटा.

रिक्षावाल्यांच्या तोंडी दोन्ही नावं आहेत. प्रवाशाकडे पाहून कोणतं वापरायचं ते ते ठरवतात. नव्या पिढीला नवं नाव सहज येतं. ताईंची मुलगी शाळेच्या वहीवर ‘छ. संभाजीनगर’ लिहिते. मला अजून दोन्ही नावं एका दमात घ्यावी लागतात.

आता पुन्हा एकदा माणसं बोलावली जात आहेत. शेंद्रा आणि बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहिली. सप्टेंबर २०१९मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते शेंद्र्यातल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. जुलै २०२४मध्ये टोयोटा-किर्लोस्करने बिडकीनमध्ये २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. समृद्धी महामार्ग शहराच्या कडेने जातो. ज्या व्हिडिओकॉनमध्ये नोकरी लागणं म्हणजे लग्न जमणं असं आम्ही ऐकलं होतं, ती कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तिच्या जागी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची भाषा आली. चांगलंच आहे. ताईंचे यजमान त्यातूनच पोट भरतात, जसे माझे वडील वाळूजमधून भरत होते. ऑरिकमध्ये जमिनीखालून पाण्याची, विजेची, सांडपाण्याची वेगळी व्यवस्था आधी केली आणि मग भूखंड दिले. हे या शहराच्या परिसरात बऱ्याच काळाने घडलं. पण तिथे काम करणारी माणसं राहणार कुठे? चिकलठाण्यात, मुकुंदवाडीत, बीड बायपासला, सिडकोतल्या वरच्या मजल्यांवर. कारखान्याचं पाणी आधी पोचणार आणि कामगाराचं मागून येणार, हा क्रम मी १९८६पासून पाहते आहे. बिडकीनच्या नव्या गल्ल्यांत तरी तो मोडावा म्हणून आता, भूखंड विकले जात असताना, आग्रह धरायला हवा. नंतर प्रत्येक जण आपापलं अंगण खणतो आणि मग तक्रार करायलाही कुणी उरत नाही, कारण ज्याच्याकडे हौद आहे त्याचं चाललेलं असतं.

हिवाळ्यात एके दिवशी ताईंचा फोन आला. गल्लीत नव्या योजनेची अंतर्गत लाइन टाकायचं काम आलं होतं, जोडणी करून घ्यायला प्लंबर दारात उभा होता आणि फरशीखाली जुना पाइप कुठून जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळी फरशी फोडावी लागली असती. “तुमच्या बाबांनी टाकला असेल ना?” त्यांनी विचारलं.

बाबांनीच टाकला होता, आणि पाना धरायला मी होते. फाटकातून आत आलं की उजव्या हाताची भिंत, भिंतीपासून दोन वीत सोडून सरळ आत, जिथे आता पार्लरचा उंबरा आहे तिथे डावीकडे वळतो. अर्ध्या इंची जीआय, फूटभर खोल. प्लंबरने फोन हातात घेतला आणि विचारलं, “मॅडम, वळणावर एल्बो आहे का टी?”

टी आहे, मी सांगितलं. एक फाटा मोरीकडे जातो, तो बंद करून मगच जोडा.